गडी येणार तिथं फोकस

लेकरा, पावसाळा लागला की आपल्या जिल्ह्यात शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, सोनपेठ, सगळीकडून पोरंपोरी तालुका मारून परभणीला येतात. यंदा त्यांचा खेळ तू टिपणार असं कळलं आणि जीव सुखावला. बक्षीस घेतानाचा, पाहुण्यांच्या रांगेतला फोटो प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतो. ज्या क्षणी ते बक्षीस जिंकलं, त्या क्षणाचा फोटो मात्र फार थोड्यांकडं असतो. तो या पोरांना मिळावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

तुझी तक्रार एकच, फोटो आऊट जातात. नवी लेन्स घ्यायच्या आधी मामाचं ऐक. गडी जिथं आहे तिथं फोकस लावत बसलं, तर आपण कायम एक पाऊल मागं राहतो. गडी जिथं येणार आहे, तिथं लाव. आणि तो कुठं येणार, हे पुष्कळदा खेळाचा नियमच सांगून ठेवतो.

पण आधी कॅमेरा हाताला नीट बसू दे.

१. घरून निघताना लेन्सवरची एएफ-एमएफची कळ बघ – पिशवीत घासून ती सरकते, आणि पहिला डाव संपेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही.

२. डोळ्याजवळची बारकी चकती, तिला डायऑप्टर म्हणतात, ती फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसतील असं कर – ती हललेली असली की चांगला फोकसही पुसट दिसतो आणि माणूस उगं कॅमेऱ्यावर चिडतो.

३. फोकसची पद्धत ‘सतत’वर ठेव, कॅननवर तिचं नाव सर्व्हो, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी – वन शॉट एकदा फोकस धरून थांबतो, आणि खो-खोतलं पोरगं काही थांबत नाही.

४. फोकसचं काम पुढच्या बटणाकडून काढून मागच्या एएफ-ऑन बटणाला दे – अंगठा दाबलेला असेपर्यंत फोकस गड्यामागं पळतो, अंगठा उचलला की जागेवर थांबतो, आणि पंच मधे आला तरी बोट खुशाल फोटो घेत राहतं. सुरुवातीला बोटं गोंधळतील, घाबरू नको. अंगठा धरतो, बोट टिपतं. एवढं बोटांना कळलं की त्या सवयीवाचून करमणार नाही.

५. फोकसचा एकच बिंदू, नाहीतर तो आणि त्याच्या शेजारचे चारपाच, एवढेच वापर – सगळे बिंदू मोकळे सोडले की कॅमेरा जवळचं दिसेल ते धरतो. आधी पंचाची पाठ, मग दोरी, मग कुणाची तरी छत्री.

६. जुना डीएसएलआर असेल तर मधल्या बिंदूवर भरवसा ठेव – बहुतेक कॅमेऱ्यांत तोच सगळ्यांत तेज असतो, कडेचे बिंदू संध्याकाळच्या उजेडात लवकर थकतात.

७. नव्या कॅमेऱ्यात माणसाचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती जरूर वापर, पण छोट्या चौकटीत बांधून – कबड्डीच्या मैदानावर डझनभर माणसं असतात, आणि तुला त्यातलं कोण हवंय हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं.

८. बिंदू कोऱ्या कापडावर ठेवू नको, छातीवरच्या नंबरावर किंवा गळ्याच्या काठावर ठेव – कॅमेरा उजेड-अंधाराच्या कडा शोधून फोकस धरतो. कोऱ्या पांढऱ्या बनियनवर त्याला धरायला काही सापडत नाही.

९. चौकटीत गडी मोठा दिसेपर्यंत बटण दाबायची घाई करू नको – लांबून काढलेल्या फोटोत बिंदूखाली निम्मा गडी आणि निम्मी मागची भिंत येते, आणि भिंत स्थिर म्हणून कॅमेऱ्याला तीच सोयीची वाटते.

इथं थोडं गणित सांगतो, कारण ते कळलं की सगळ्या तक्रारी निम्म्या होतात. तुझ्याकडं आहे तसा लहान सेन्सरचा कॅमेरा, २०० मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर २.८ आणि गडी १० मीटरवर. या हिशेबात स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण २८ सेंटिमीटर जाडीचा असतो, म्हणजे वीतभराहून थोडा जास्त. चांगलं पळणारं पोरगं सेकंदाला सात मीटर तरी जातं. म्हणजे तो पट्टा ते सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ओलांडून जातं. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. अ‍ॅपर्चर ५.६ केलं की पट्टा दुप्पट होतो. तू १० मीटरवरून २० मीटरवर सरकलास तर तो चौपट होतो.

१०. म्हणून उघड्यावर, भर उजेडात ५.६ ठेवायला लाजू नको – पाठीमागचं थोडं जास्त दिसलं तर दिसू दे, डोळे स्पष्ट आले पाहिजेत.

११. आणि खेळाच्या फार जवळ जाऊ नको – जवळ गेलं की गडी मोठा दिसतो, पण चुकायला जागा उरत नाही. दोन पावलं मागं, चार फोटो पुढं.

१२. शटर १/१०००च्या खाली आणू नको, उजेड कमी पडला तर आयएसओ वाढव – धावणाऱ्याचं धड ज्या वेगानं जातं, त्याच्या साधारण दुप्पट वेगानं त्याचा पुढं येणारा पाय जातो. दाणेदार फोटो पेपरात छापता येतो, हललेला छापता येत नाही.

१३. बिघडलेला फोटो पुसायच्या आधी मोठा करून बघ. मागची दोरी किंवा पुढची माती कुठंतरी स्पष्ट असेल, तर फोकस चुकला. काहीच स्पष्ट नाही आणि सगळ्याला शेपटी फुटलीय, तर शटर हळू पडलं – आऊटचं औषध वेगळं, हललेल्याचं वेगळं, बाटली बदलू नको.

आता खेळ. सुरुवात खो-खोपासून कर. फोकस शिकायला याच्याइतका चांगला गुरू नाही, असं माझं ठाम मत आहे. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, १२० सेंटिमीटरच्या आसपास उंचीचे. मधल्या पट्टीत आठ जण ओळीनं बसलेले, एकाचं तोंड इकडं, शेजारच्याचं तिकडं. पळणाऱ्याला कुठूनही पळता येतं, दोन गड्यांच्या मधून निसटता येतं. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागं फिरता येत नाही. नवे फोटोग्राफर सगळे पळणाऱ्यामागं लेन्स फिरवतात आणि हात दुखवून घेतात. पळणारा तुला फसवील, ते त्याचं कामच आहे. पाठलाग करणाऱ्याला नियमानं बांधून ठेवलंय. त्याच्यावर विसंब.

१४. खांबाच्या पलीकडं, राखीव जागा सोडून, थोडं तिरपं आणि खाली बस – खांबावर सूर मारणारा गडी तुझ्याकडं तोंड करून येतो, आणि खाली बसलं की त्याच्या पोटाखालची हवा दिसते.

१५. सामना सुरू व्हायच्या आधी एखाद्या पोराला खांबाच्या हातभर पुढं, तुझ्या बाजूला उभं कर. त्याच्या चेहऱ्यावर फोकस लाव आणि अंगठा उचलून टाक – सूर मारताना हात खांबाला असतो, चेहरा मात्र खांबाच्या बराच पुढं आलेला असतो. खांबावर फोकस ठेवला तर कोपर स्पष्ट येतं आणि डोळे पुसट.

१६. मग कॅमेरा तिथंच रोखून ठेव आणि दुसरा डोळा उघडा राहू दे – येणारा गडी चौकटीच्या बाहेरून येतो. एक डोळा चौकटीला, एक डोळा मैदानाला.

१७. बाजूला बसलास तर ही खूण धर : पळणारा तुझ्या बाजूला निसटला आणि पाठलाग करणारा पलीकडं राहिला, की तुझ्याकडं तोंड करून बसलेल्यांपैकीच कुणीतरी आता उठणार – खो पाठीमागून मिळतो आणि गडी ज्या बाजूला तोंड करून बसलाय त्याच बाजूला उठतो. पळणाऱ्याच्या सगळ्यांत जवळ बसलेल्याच्या चेहऱ्यावर फोकस लाव आणि थांब.

१८. कान उघडे ठेव – ‘खो’ हा शब्द आधी ऐकू येतो, उठणं नंतर दिसतं. त्या दोहोंमधला वेळ तुझा.

१९. पळणारा साखळी करत, म्हणजे एका आड एक गड्याच्या फटीतून वळत जात असेल, तर त्याला सोडून दे आणि पुढची एक फट धर – तो तीनदा पुढं गेला तरी चौथ्यांदा तुझ्या फटीत येतो, आणि येताना अंग वळलेलं असतं, तेच देखणं.

२०. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा चषक प्रतीक वाईकरनं आणि महिलांचा प्रियांका इंगळेनं, दोघंही कर्णधार महाराष्ट्राचे, भारताला जिंकून दिला. त्या सामन्यांच्या चित्रफिती बघ, पण गुणांकडं न बघता खांबाकडं बघत बस – किती वेळानं खांबावर काहीतरी घडतं, याची लय अंगात भिनते.

२१. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीत गडी घसरतात, तेव्हा फोकस नेहमीपेक्षा थोडा पुढं धर – आपली माती ओली झाली की पाय जिथं थांबायला हवा तिथं थांबत नाही.

कबड्डीचं तंत्र वेगळं. इथं मैदान लहान, १३ बाय १० मीटर, मुलींसाठी १२ बाय ८. माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि सामने बहुधा दिवे लागल्यावर. पण इथंही रेषा तुझ्या मदतीला आहेत. चढाई करणाऱ्याला निदान रेषा ओलांडावीच लागते, आणि परत मध्यरेषेला यावंच लागतं. त्याला ३० सेकंद मिळतात.

२२. चढाईच्या सुरुवातीचे काही सेकंद सोडून दे, फक्त अंगठ्यानं फोकस ताजा ठेव – तेव्हा गडी अंदाज घेत नाचत असतो. सगळे फोटो तिथंच उडवले तर पकडीच्या वेळी कॅमेरा आधीचे फोटो कार्डावर उतरवत बसतो आणि बटण ऐकत नाही.

२३. पाय निदान रेषेवर पडला की बोट तयार ठेव – बचाव करणाऱ्यांचा हात तिथूनच निघतो.

२४. घोट्याची पकड झाली की लगेच मध्यरेषेकडं विचार ने – सहासात जणांना ओढत गडी हात लांबवतो, आणि सामन्यातला खरा फोटो त्या लांबलेल्या बोटांत आणि चेहऱ्यात असतो. रेषेवर आधी एकदा फोकस लावून बघितलेला असला, तर लेन्सला कमी फिरावं लागतं.

२५. जागा बदलत पळू नको, एका कोपऱ्यात बस – मध्यंतरानंतर संघच बाजू बदलतात. पहिल्या डावात जो पाठमोरा होता तो दुसऱ्या डावात तुझ्यासमोर येतो.

२६. कॅमेऱ्यात ‘मधे कुणी आलं तर किती वेळ थांबायचं’ अशी एक सोय असते. निकॉनवर ती ब्लॉक्ड शॉट किंवा लॉक-ऑन नावानं सापडते, कॅननवर ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी म्हणून. कबड्डीत तिला धीरावर ठेव – दर क्षणाला कुणाचा तरी दंड मधून जातो, आणि उतावळा कॅमेरा दंडाच्या मागं जातो.

२७. रात्रीच्या सामन्याला मोठा झूम घरी ठेव, ५० किंवा ८५ मिलिमीटरची १.८ची लेन्स घेऊन जा – फोकस करताना कॅमेरा बहुधा लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून बघतो. जेवढा उजेड आत येईल तेवढा त्याचा हात नेमका पडतो.

२८. दिव्याखाली एक फोटो उजळ, एक काळपट असं होत असेल तर अँटी-फ्लिकरची सोय चालू कर – आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा उजळतात-मंदावतात. डोळ्याला दिसत नाही, शटरला दिसतं.

२९. फ्लॅश नको. कधीच नको – चढाईच्या ऐन वेळी डोळ्यांवर उजेड मारून कुणाची पकड चुकवली, तर त्या पोराच्या वर्षभराच्या मेहनतीशी आपण खेळलो.

धावण्याच्या शर्यतीत तुला वाटेल तेवढी सोय आहे, कारण वाट आखलेली असते. २०१७च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आलेली ज्योती गवते आपल्या परभणीची; शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत पळाला. त्या ३००० मीटरच्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. म्हणजे ३५ वेळा धावपटू कुठं असणार हे आधीच ठरलेलं. असा खेळ समोर असताना धावणाऱ्याच्या मागं लेन्स पळवायची गरज काय?

३०. शेवटच्या रेषेवर कुणाची तरी चप्पल ठेवून तिच्यावर फोकस लाव, अंगठा उचल, आणि धावपटू रेषेच्या पाऊलभर अलीकडं असतानाच बटण दाब – बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत थोडा वेळ जातोच, आणि १२ सेकंदांत १०० मीटर पळणारं पोरगं तेवढ्यात हातभर पुढं सरकतं.

३१. समोरून येणारा धावपटू कॅमेऱ्याला सगळ्यांत अवघड, बाजूनं जाणारा सोपा – समोरून येताना अंतर क्षणाक्षणाला बदलतं, बाजूनं जाताना फारसं बदलत नाही. सुरुवात सोप्यापासून कर.

३२. समोरून काढायचंच असेल तर बिंदू छातीवरच्या नंबरावर ठेव आणि धावपटू बराच लांब असल्यापासून अंगठा दाबून ठेव – कॅमेऱ्याला त्याचा वेग समजायला थोडा अवधी लागतो. ऐनवेळी दाबलं तर तो अंदाज बांधेपर्यंत शर्यत संपते.

३३. लांब उडीला फळीवर फोकस लावू नको, वाळूच्या अलीकडच्या काठावर लाव – फळीवर पाय असतो, हवेतलं अंग पुढं असतं.

३४. क्रिकेटला फार शिकायचं नाही. फलंदाज क्रीज सोडून फारसा जात नाही, गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवरच पडतो – दोन जागा, दोन फोकस, झालं.

कुस्तीत अंतर फार बदलत नाही, म्हणून लोक गाफील राहतात.

३५. पट काढायच्या, म्हणजे पाय खेचायच्या, आधी पैलवान क्षणभर खांदा खाली सोडतो, तिथं बोट तयार ठेव. आणि ४च्या खाली अ‍ॅपर्चर उघडू नको – दोन चेहरे असतात, एक पुढं एक मागं, आणि फोटो दोघांचा आहे.

३६. चितपटीच्या वेळी बिंदू खालच्याच्या खांद्यावर ठेव – पंचही तिथंच बघत असतो.

शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, मात्र सावकाश ऐक. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली होती, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला, आता गावोगावी पट पुन्हा भरतात. बैलजोडी सरळ रेषेत येते, कुठून कुठं जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी निम्मे फोटो धुळीवर फोकस होतात. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं दौडत्या घोड्याचे चारी पाय हवेत असतात का, हे फोटोतून दाखवलं. त्या काळी कॅमेऱ्याला घोड्यामागं फिरणं शक्यच नव्हतं. त्यानं धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीनं मांडले, वाटेत दोरे ताणले, आणि घोडा आपल्याच पायांनी दोरे ओढत फोटो काढत गेला. मिनोल्टाचा ७००० हा कॅमेरा १९८५मध्ये आला आणि मग कुठं आपोआप फोकस खेळ टिपणाऱ्या साध्या फोटोग्राफरच्या हातात पडला. त्याआधीच्या माणसांनी बऱ्याचदा जागा धरूनच खेळ टिपले. म्हणून म्हणतो, हे तंत्र यंत्राहून जुनं आहे आणि यंत्र चुकलं की तेच कामाला येतं.

३७. धावपट्टीच्या वाटेत, वळणावर, शेवटच्या रेषेच्या पुढं कधी उभं राहू नको – लेन्समधून बघताना बैल लांब आहेत असंच वाटत राहतं. सोबत कुणालातरी घे, त्याचं काम फक्त बैलांकडं बघणं आणि तुझी बाही ओढणं.

३८. लाल कंधारी बैल असेल तर बिंदू अंगावर ठेवू नको, डोळा, वेसण किंवा शिंगाच्या बुडाशी ठेव – ते अंग एकरंगी लाल, कॅमेऱ्याला तिथं कड मिळत नाही. देवणीच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवर मात्र फोकस चटकन बसतो.

३९. बैल, गाडी आणि हाकणारा अशी लांबण असते. त्यातलं काय स्पष्ट हवं ते आधी ठरव – तिन्ही एका पट्ट्यात बसत नाहीत. माझं विचारशील तर हाकणाऱ्याचा चेहरा.

४०. वेग दाखवायचा असेल तर बाजूला, लांब उभं राहून शटर १/६० ते १/१२५ ठेव आणि कॅमेरा बैलांच्या गतीनं फिरव – बैल तुझ्या अगदी समोर असतात त्या क्षणी अंतर जवळजवळ बदलत नाही. तिथला फोकस आधी लावून ठेवला की सगळं ध्यान फिरवण्यावर राहतं. बटण दाबल्यावरही फिरणं थांबवू नको.

४१. धूळ उडाली की त्या जोडीचा नाद सोड आणि वारा कुठून येतो ते बघून बाजू बदल – वाऱ्याच्या बाजूनं उभं राहिलं की धूळ पलीकडं जाते, आणि वर मागचा पडदाही चांगला मिळतो.

आपल्या हवेचंही सांगायला हवं. परभणीचा उन्हाळा ४४ अंशांच्या घरात जातो आणि हिवाळ्यात मराठवाड्यातली कडक थंडी इथंच पडते. दोन्ही फोकसच्या मुळावर येतात.

४२. एप्रिल-मेमध्ये दुपारी लांबच्या गड्यांवर फोकस लावू नको – जमिनीवरून उठणाऱ्या झळांनी हवाच थरथरते, कितीही महाग लेन्स असली तरी पन्नास मीटरवरचा चेहरा पाण्यात पडल्यासारखा येतो. सकाळी आठच्या आत काढ, नाहीतर जवळच्या खेळावर समाधान मान.

४३. थंडीत पहाटे गार झालेला कॅमेरा माणसांनी भरलेल्या सभागृहात लगेच उघडू नको, पिशवीतच बंद राहू दे – गार काचेवर वाफ बसते आणि वाफेतून फोकस लागत नाही. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्यावरही तेच.

४४. लेन्सचं पुढचं हूड पावसात काढू नको, आणि गळ्यात धुतलेलं सुती फडकं ठेव – काचेवरचा एक थेंब अख्खा चेहरा पुसट करतो. काळी माती वाळलेली असली तर आधी फुंकणीनं उडव, मग पूस. ती काचेवर ओरखडे काढते.

४५. कॅमेरा नसेल त्या दिवशी मोबाइल चालेल : जिथं गडी येणार त्या जागेवर पडद्यावर बोट दाबून ठेव, फोकस बांधला जातो – मग फक्त वाट बघायची.

४६. सराव खेळाच्या मैदानावर करू नको, आधी बाहेर कर. सकाळी वसमत रोडला जाणारे सायकलवाले, बागेत झोक्यावरची पोरं (आईबापांना विचारून) – झोका पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, म्हणून चूक कुठं झाली ते लगेच कळतं. रेल्वे रुळांजवळ मात्र सरावाला जायचं नाही, पूर्णेला नाही आणि परभणीलाही नाही.

४७. एका सामन्यात एकच गोष्ट शीक. आज फक्त खांब, उद्या फक्त मध्यरेषा – सगळं एकदम धरायला गेलं की हाती पाठमोरे फोटो लागतात.

४८. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असं आपल्या गावाला चिडवतात. फोकसच्या बाबतीत त्या म्हणीला खरं ठरवू नको – नशिबावर सोडलेला फोटो एखादाच जमतो, आणि तो कसा जमला हे सांगता येत नाही.

४९. पोरींच्या सामन्याला आधी त्यांच्या क्रीडाशिक्षिकेला भेट, काय काढणार ते सांग, आणि पडलेल्या, कपडे सरकलेल्या अवस्थेतला फोटो मैदानावरच पुसून टाक – पुढच्या वर्षी कुणाच्या घरच्यांनी खेळू दिलं नाही, असं आपल्या फोटोमुळं व्हायला नको.

५०. प्रत्येक सामन्याच्या सुरुवातीला गुणफलकाचा एक फोटो काढून ठेव – संध्याकाळी हजारभर फोटो समोर असताना कुठली शाळा कुठली, हे आठवत नाही.

५१. निवडलेले फोटो त्याच आठवड्यात क्रीडाशिक्षकांकडं पोचव, चेहऱ्याबरोबर छातीवरचा नंबर लिहून – संघ विभागीय स्पर्धेला निघून गेला की मग दिवाळीपर्यंत कुणी सापडत नाही.